दाराकडची पेटी

कोलंबिया, साउथ कॅरोलायना
११ ऑगस्ट २०२४

ती. स्व. आण्णा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही डबीतून बाहेर काढत नाही, म्हणून पत्र. बाबा म्हणाले, "लिही लिही, चुकांखाली लाल रेघा मारून परत पाठवतील." पाठवा. लाल रेघ बघूनसुद्धा बरं वाटेल, इतकी वर्षं झालीत घर सोडून.

माझं शिक्षण इथं आकड्यांचं चाललंय, पण खर्चाला हातभार म्हणून इतिहासाच्या एका बाईंकडं काम धरलंय. या राज्यात १८७६ ते १९०० मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या सात निवडणुका झाल्या. प्रत्येक तालुक्यात कुणाला किती मतं पडली ते जुन्या कागदांवरून बघायचं आणि कॉम्प्युटरवर चढवायचं. महिनाभर तेवढंच करतेय. डोळ्यांची पार वाट लागलीय.

पण आण्णा, एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १८७६ साली राज्यात एक लाख ब्याऐंशी हजारांवर मतं पडली. आठ वर्षांनी ब्याण्णव हजारांच्या आसपास. १९०० साली जेमतेम पन्नास हजार. माणसं मेली म्हणावं तर लोकसंख्या वाढतच होती. गुलामीतून नुकती सुटलेली काळी माणसं या राज्यात निम्म्याहून जास्त. ती ज्या पक्षाला मत द्यायची, त्या पक्षाला १८७६ ला नव्वद हजारांवर मतं, आणि १९०० ला साडेतीन हजारांच्या आसपास. गेली कुठं एवढी मतं? बाई म्हणतात, "आधी तू अंदाज बांध, मग मी सांगते." तुम्ही पस्तीस वर्षं मास्तरकी केलीत आणि दर निवडणुकीला ड्यूटी केलीत. तुमचा अंदाज काय?

दुसरं आजीबद्दल. शेजारची आक्का फार आजारी आहे. दवाखान्यातून घरी आणलंय, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच. तिची सून पूर्णिमा मला मेसेज करते, की आक्का सारखी विचारते, "धोंडी आली का?" आणि आमची धोंडुबाई चाळीस पावलांवर बसून शेंगा फोडतेय. मी फोनवर विनवलं तर म्हणाली, "देवाचा भंडारा उचलून फिरलेली बाई ती. मराय लागली म्हणून काय शपथ जुळती व्हय?" आणि फोन ठेवला.

लहानपणी मला आक्काच्या दारात जायची बंदी होती. आक्का परड्यातल्या कुंपणावरून गुपचूप गुळाचा खडा द्यायची आणि म्हणायची, "आजीला सांगू नगंस." आजी तुमचा शब्द मानते. तुम्ही सांगून बघाल का?

तुमची,
संयोगिता


राजारामपुरी, कोल्हापूर
३० ऑगस्ट २०२४

चि. संयोगिता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लाल रेघा मारलेल्या नाहीत, कारण अक्षर बघूनच जीव सुखावला. मात्र दीर्घ वेलांट्या तू अमेरिकेत विसरलीस, तेवढं सुधार.

निवडणुकीचं मला विचारलंस ते योग्य माणसाला विचारलंस, बरं का. सहा लोकसभा, सात विधानसभा, पंचायतींची तर गणतीच नाही. चंदगडच्या डोंगरात डोक्यावर मतपेटी घेऊन ओढा ओलांडलेला मी माणूस आहे. माझ्या केंद्राचा हिशेब एका मतानंही कधी चुकला नाही. तहसीलदार माझं हस्ताक्षर दुसऱ्यांना दाखवायचे, "असा अहवाल लिहावा" म्हणून.

तर माझा अंदाज असा. लोक फितले असणार. गरीब माणूस किती दिवस टिकतो? कुणी धाक दाखवला असेल, कुणी आमिष, आणि बाकीचे कंटाळून घरी बसले असतील. मतदार हा प्राणी मी जवळून पाहिलाय. समोर एक बोलतो, आत जाऊन दुसरंच करतो. त्यात नवल ते काय?

राहिली गोष्ट वहिनींची. धोंडुवहिनी माझ्या चुलत भावाची बायको, वयानं मोठी. तिला मी काय सांगणार? शहाण्णव साली दूध संस्थेच्या निवडणुकीत महिलांच्या जागेवर ती उभी राहिली, तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. गल्लीतल्या बायकांनी देवळात जाऊन, देवापुढची हळद मुठीत घेऊन शपथ घेतली होती. वहिनी धरून त्रेचाळीस जणी. पडली वीस मतं. चेअरमनची सून एकतीस मतांनी निवडून आली. वहिनीनं त्या दिवसापासून गल्लीतल्या कुणाच्या घरचं पाणी घेतलं नाही. हळदीकुंकू बंद, लग्नकार्य बंद. आक्काशी तर बोलणंच तोडलं, कारण भंडारा उचलायला सगळ्यात पुढं आक्का होती.

अठ्ठावीस वर्षं झाली. जुनी जखम उकरू नये असं मला वाटतं. आक्काला तू फोनवर दोन शब्द बोल, तिला बरं वाटेल. थंडीचे कपडे आत्ताच घेऊन ठेव.

तुझा,
आण्णा


कोलंबिया
१५ सप्टेंबर २०२४

ती. स्व. आण्णा,
सा. न.

तुमचा अंदाज चुकला! माझाही चुकला होता. बाईंनी शेवटी सांगितलं, आणि मग मी जुना कायदा काढून वाचला. कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय.

सुरुवातीला दहशत होतीच. लाल सदरे घातलेले घोडेस्वार गावोगाव फिरायचे, माणसं मारली गेली. पण मारामारीची बोंब होते, पेपरात येतं. म्हणून १८८२ साली त्यांनी एक कायदा केला. वरून बघितला तर इतका सभ्य, की कुणाला वाटेल काय छान शिस्त आहे! एक म्हणजे ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवायचं. मुदत चुकली की नाव गेलं. आणि दुसरं, एका मतपेटीऐवजी आठ पेट्या. गव्हर्नरची वेगळी, आमदारांची वेगळी, तालुक्याच्या अधिकाऱ्यांची वेगळी, आणि एक राष्ट्राध्यक्षाची. प्रत्येक पेटीवर नाव लिहिलेलं. ज्या कामाची चिठ्ठी, त्याच पेटीत टाकायची. चुकीच्या पेटीत पडली की बाद.

आता गुलामीत ज्यांना वाचायला शिकू दिलं नाही, त्यांनी काय करायचं? ते हुशार होते हो आण्णा. बाहेर एकमेकांना शिकवून ठेवायचे, की पहिल्या पेटीत ही चिठ्ठी, तिसऱ्या पेटीत ती. तसं आत पाठवायचे. मग केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी काय केलं असेल? पेट्यांच्या जागा बदलल्या. मध्येच. मतदान चालू असताना.

बस्स. बंदूक नाही, शिवी नाही. माणूस रांगेत उभा राहिला, मत दिलं, समाधानानं घरी गेला. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं मत कचऱ्यात गेलं. मी त्या दिवशी जेवले नाही.

आणि मग मला आक्का आठवली. मी सातवीत असताना एकदा कुंपणाशी ती रडत होती. म्हणाली, "तुझ्या आजीला सांग, मी गुलाबी कागूद दाराकडच्याच पेटीत टाकला गं. तिनं शिकीवलं तसंच." मी आजीला सांगितलं तर तिनं मला पाठीत धपाटा घातला. "मग त्या पेटीतली मतं काय उंदरानं खाल्ली व्हय?" म्हणाली.

आण्णा, त्या निवडणुकीत अधिकारी कोण होतं? पेट्या किती होत्या? तुम्हाला आठवत असेल. तुम्ही त्याच वर्षी बदली होऊन गावच्या शाळेत आला होतात ना?

पूर्णिमा म्हणते, आक्का आता नुसती पेज घेते.

तुमची,
संयोगिता


कोलंबिया
२० ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आण्णा,

पाच आठवडे झाले, पत्र नाही. बाबा म्हणतात तुमची तब्येत ठणठणीत आहे, रोज रंकाळ्याला फेरी मारता. मग माझं पत्र मिळालं नाही का? की मिळालं? मी मूर्ख नाही, आण्णा. मी प्रश्न साधा विचारला होता.

संयोगिता


राजारामपुरी, कोल्हापूर
२१ ऑक्टोबर २०२४

चि. संयोगिता,

तुझ्या कालच्या चार ओळींचा फोटो माझ्या नातवानं, राजवर्धननं, मोबाइलवर दाखवला. तुझं पंधरा सप्टेंबरचं पत्र मला वेळेवर मिळालं. उशाखाली आहे. सात वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. हे मी राजवर्धनच्या मोबाइलवरून पाठवत नाही, स्पीड पोस्टानं पाठवतोय, कारण नातवानं हे वाचू नये असं मला वाटतं. असा भेकड माणूस तुझा आण्णा.

अधिकारी मी होतो.

संस्था लहान, चौऱ्याहत्तर जणांनी मतदान केलं. शाळेची खोली. तेलाच्या डब्यांना वरून खाच पाडून दोन पेट्या केलेल्या. पांढरा कागद सर्वसाधारण जागेचा, गुलाबी महिलांच्या जागेचा. पेट्यांवर चिठ्ठ्या मीच लिहून डकवल्या, टाकानं, ठसठशीत. सकाळी गुलाबीची पेटी दाराकडं होती, पांढऱ्याची खिडकीकडं. तुझ्या आजीनं सकाळी दारातून एकदा डोकावून कुठली पेटी कशाची ते मला विचारलं आणि ती गेली. मग आक्काच्या अंगणात दोन घमेली मांडून तिनं बायकांना शिकवलं. गुलाबी दाराकडं, पांढरा खिडकीकडं. त्यातल्या चौघी-पाचजणी सोडल्या तर कुणाला अक्षर येत नव्हतं. पण म्हशी त्यांच्या, दूध त्यांचं, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच सभासद म्हणून नावं त्यांची लागली होती.

दुपारपर्यंत वीस बायका येऊन गेल्या, वाचता येणाऱ्या त्यातच. बाकीच्या रानात होत्या. जेवणाच्या सुट्टीत चेअरमन आले. भाकरी खाता खाता म्हणाले, "गुरुजी, दाराकडनं ऊन याय लागलंय. पेट्या जरा हिकडच्या तिकडं करा की." एवढंच. आवाज चढवला नाही, डोळा मिचकावला नाही.

आता मी खोटं लिहिणार नाही. पहिला डबा उचलला तेव्हाच मला कळलं. उन्हासाठी दोन्ही डबे आत सरकवता आले असते, अदलाबदल कशाला? पण माझी नऊ वर्षं चंदगडला गेली होती, तुझी काकूआजी दम्यानं हैराण, आणि गावाकडची बदली चेअरमननी शब्द टाकून करून दिली होती, तिला चार महिनेही झाले नव्हते. मी डबे बदलले. चिठ्ठ्या डब्यांवर होत्याच. वाचता येणाऱ्याला काही अडचण नव्हती. माझ्या मनाला मी हेच सांगितलं, की चिठ्ठी तर आहे.

तीन वाजता रानातल्या बायका आल्या. आक्का खोलीच्या मधोमध थांबली. तिला ऊन-सावलीवरून काहीतरी वेगळं वाटलं असावं. मला म्हणाली, "गुरुजी, गुलाबी दाराकडं न्हवं?" संयू, त्या बाईनं मला सरळ विचारलं. आणि मी यादीत डोकं घालून म्हणालो, "मतदान चालू असताना अधिकाऱ्यानं बोलायचं नसतं, बाई." तिनं मान हलवली आणि गुलाबी कागद दाराकडच्या पेटीत टाकला. मी बघत होतो.

मोजणीला पांढऱ्याच्या पेटीत गुलाबी कागद निघाले. तेवीस. तेवीसच्या तेवीस तुझ्या आजीच्या छत्री या चिन्हावर शिक्का मारलेले. चेअरमन म्हणाले, "चुकीच्या पेटीतलं बाद धरायचं." असा नियम आहे का, हे मी पुस्तक उघडून बघितलं नाही. फळ्यावर फक्त वीस आणि एकतीस लिहिलं. बाद किती, ते लिहिलं नाही. बाहेर वहिनी उभी होती. तिनं आकडा ऐकला आणि त्या बायकांकडं बघितलं. ती नजर अजून माझ्यासमोर आहे.

वीस आणि तेवीस किती होतात? त्रेचाळीस. भंडारा उचललेल्या एकीनंही शपथ मोडली नव्हती. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. चेअरमन वारले, त्याला आता बारा वर्षं झाली. उरलो मी.

मला वाटायचं, दोन-चार महिन्यांत बायकांचं भांडण मिटेल. मिटलं नाही. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग? मग निवृत्त झालो, कोल्हापूरला आलो. माझ्या केंद्राचा हिशेब एका मतानं चुकला नाही असं तुला लिहिलं, ते खरंच आहे गं. हिशेब मला चोख माहीत होता.

तू मला काय म्हणशील ते म्हण.

आण्णा


कोलंबिया
९ नोव्हेंबर २०२४

आण्णा,

हेही पत्र मी हातानं लिहून फोटो काढून राजवर्धनच्या मोबाइलवर पाठवतेय. तो वाचेल. वाचू दे.

तुमचं पत्र काल मिळालं. तीनदा फोन हातात घेतला, आजीला सगळं सांगावं म्हणून. तीनदा ठेवला. मी सांगितलं तर ती मला धपाटा घालेल आणि म्हणेल, आक्कानं शिकवलं तुला. हे तुमच्याच तोंडून जायला पाहिजे.

मला तुमचा राग आलाय. इतका, की नमस्कार लिहायलाही हात उठला नाही. तुम्ही मला मुळाक्षरं शिकवलीत. मे महिन्याच्या सुट्टीत मांडीवर बसवून, हात धरून. आणि त्याच अक्षरांच्या आड तुम्ही लपलात. आजीनं अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्या दारचा घोटभर चहा घेतला नाही. माझ्या आईच्या बाळंतपणात गल्लीतली एक बाई फिरकली नाही. मी एकटी खेळले. का, तर उन्हासाठी?

इथं मंगळवारी मतदान झालं. मला मत नाही, पण शाळेसमोरची रांग बघत मी बराच वेळ उभी होते. काठी टेकत आलेली एक म्हातारी काळी बाई होती. मला वाटलं, हिच्या पणजोबानं कुठल्या पेटीत चिठ्ठी टाकली असेल? त्याला कुणी सांगितलंच नाही. आणि आता सांगायला ना तो उरलाय, ना ते अधिकारी.

तुम्ही उरलायत. आक्का अजून उरलीय. पूर्णिमा म्हणते, दोन दिवस, चार दिवस. उद्या सकाळची गारगोटी गाडी पकडा.

संयोगिता


वाडी, ता. भुदरगड
११ नोव्हेंबर २०२४

चि. संयोगिता,

राजवर्धननं तुझं पत्र वाचलं आणि माझी पिशवी भरून ठेवली. काल पहिल्या एसटीनं आलो. कानाला यंत्र लावून आलो. वहिनी काय बोलेल ते ऐकू आलं नाही, ही सबब मला नको होती.

ती अंगणात शेंगा निवडत होती. रस्त्यावरून प्रचाराची जीप कर्णा लावून गेली, ती पुढं जाईपर्यंत मी थांबलो. मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डबे, ऊन, आक्काचा प्रश्न, माझं उत्तर, तेवीस कागद. तिचा हात शेंगांवर तसाच थांबला.

मग तिनं विचारलं, "भावजी, मी मत कवा दिलं?"

मला कळेना हे कशाला विचारते. मी म्हणालो, "सगळ्यांच्या शेवटी. पाच वाजता."

"कुठल्या पेटीत?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. संयू, अठ्ठावीस वर्षं मी ते तेवीस कागद मनात मोजतोय, पण त्यात एक तिचा स्वतःचा होता, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

"दाराकडच्या," मी म्हणालो.

"म्हंजी माझंबी बाद." ती एवढंच म्हणाली. पदरातल्या शेंगा खाली सांडल्या, त्या तिनं उचलल्या नाहीत. मग म्हणाली, "मीच माझ्या शपथंला जागले न्हाय, आन मी त्यास्नी शिव्या घालत बसले." मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही जागलात. सगळ्याजणी जागल्या." तर माझ्यावर ओरडली, "तू गप. तुला तवा बोलाय पायजे हुतं."

घरात जाऊन देव्हाऱ्यातली हळद मुठीत घेऊन आली आणि चालू लागली. चप्पल घातली नाही. मी मागोमाग गेलो. ती चाळीस पावलं चालायला तिला फार वेळ लागला.

पुढचं मी माझ्या शब्दांत लिहायचं नाही, असा तिचा हुकूम आहे. ती सांगते आहे, मी लिहितोय.

*

संयू, मी तुझी आजी बोलतीया. गुरुजी लिवतोय. मी बोलते तसंच लिव, सजवू नगंस, आसं त्याला बजावलंय.

आक्का हाय अजून. निस्ती कातडी उरलीया. मला वळाखलं. मी तिच्या कपाळाला भंडारा लावला, आन गुरुजीला म्हटलं, सांग हिला. त्यानं सांगितलं. समदं. ती ऐकत हुती. मग मला म्हणली, "धोंडे, मलाबी वाटायचं गं, आपलंच कायतरी चुकलं आसंल. आपल्यालाच दार कुठलं आन खिडकी कुठली कळलं नसंल." आठ्ठावीस वर्सं ती बाई आपल्यालाच दोस देत बसली. मग म्या रडले. लई रडले. लिव की, थांबलास का?

माझा हात धरून तिनं माझ्या कपाळाला भंडारा लावला. निम्मा डोळ्यात गेला. तिच्या ताटलीतली दोन घोट पेज मीबी पिले, आठ्ठावीस वर्सांनी तिच्या घरचं. सांजच्याला गल्लीतल्या बाया आल्या. त्रेचाळीसातल्या एकवीस उरल्यात. गुरुजीला त्यांच्याम्होरं पुन्यांदा सांगाय लावलं. मान खाली घालून सांगितलं त्यानं. जेवलाबी न्हाय.

ज्या बाया मेल्या, त्यांचं काय करू सांग. त्यांच्या घरला जाऊन त्यांच्या पोरांस्नी सांगणार हाय, की तुमची आय खोटी न्हवती. रोज दोन घरं. गुरुजीला संगट न्हेणार. हितंच ऱ्हाणार तो तवर.

गुरुजीला म्या माफ केलं न्हाय. हे लिव. लिवलंस का? वाच बघू.

तुझ्या त्या मुलखातल्या लोकांचं गुरुजीनं मला सांगितलं. आठ पेट्या म्हणं. आमाला दोनातच फशिवलं. त्यांच्या नातवंडांस्नी कुणी सांगितलं का गं, की तुमचं आजं-पंजं बरोबर चालत गेलतं, पेटी सरकीवली हुती? कुणी सांगितलं नसंल तर तू सांग. आकडं कशाला चढीवतीस नायतर?

ऊन लागू दिऊ नगंस. जेवत जा.

खाली माझा अंगठा हाय. गुरुजीनं बोट ठिवून जागा दाखीवली, हितं करा म्हणून. पर मी आधी कागूद पूर्णिमाकडं दिला. तिनं पैल्यापास्नं वाचून दाखीवला, बरोबर लिवलंय म्हणाली. मगच अंगठा केला.